बाराची भरती

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. मी आता कॅनडातच, वॉन नावाच्या शहरात मुलीकडे राहतो. तिच्या किचनमध्ये एक मराठी कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यात पौर्णिमेचा गोल दिसला, की दुपारी बाराच्या सुमारास मी आपोआप घड्याळाकडे बघत बसतो. नात विचारते, "ग्रँडपा, व्हॉट आर यू वेटिंग फॉर?" आता इथे समुद्र नाही, खाडी नाही, नुसती वेअरहाऊसं. हिला काय सांगणार, कप्पाळ! म्हणून लिहून ठेवतो. नाव कोणाचंही लिहिणार नाही.

मी मूळचा वसईचा. आम्ही ख्रिस्ती, वडिलांची मासेमारीची बोट होती. तिशीत कॅनडाला आलो, पोलिसात भरती झालो, आणि नोकरीची शेवटची दहा वर्षं ब्रिटिश कोलंबियात काढली. फ्रेझर नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका छोट्या गावात मी सार्जंट होतो. ठाणं अगदी बांधाला लागून. खिडकीतून खाडी दिसायची आणि तिच्या पलीकडे मैलोन् मैल चिखलाचं मैदान. सकाळची शिफ्ट सुरू झाली की पहिलं काम म्हणजे रात्रीच्या नोंदी वाचणं, दुसरं काम कॉफी. नोंदी तरी काय? सायकल चोरीला गेली, शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो, कोणीतरी कोणाच्या ड्राइव्हवेसमोर गाडी लावली.

पहिल्याच उन्हाळ्यात मी तिथे एक गाढवपणा केला होता, तो आधी सांगतो, कारण पुढे तोच कामाला आला. वसईला आम्हा दर्यावरच्या माणसांना भरती-ओहोटीसाठी कागद लागत नाही. वडील चंद्र बघून सांगायचे. पौर्णिमा असो की अमावास्या, भरती दुपारी बाराला. मग रोज पाऊण तास पुढे. तिथी हिंदूंची असली तरी पाणी सगळ्यांचंच असतं. तर त्या जूनमध्ये पौर्णिमेला मी बायकोला ऐटीत म्हटलं, चल, तुला उधाणाची भरती दाखवतो. डबा घेऊन बरोबर बाराला आम्ही बांधावर पोचलो. बघतो तर पाण्याचा पत्ता नाही! नजर जाईल तिथवर चिखल. बायको म्हणाली, "अहो, तुमचा समुद्र पळाला की काय?" इथे पाण्याची तऱ्हाच वेगळी. उन्हाळ्यातल्या पौर्णिमेला भर दुपारी वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी असते आणि भरती पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी उशिरा. हे टाइड टेबलमध्ये, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात, स्वच्छ छापलेलं असतं. पण बापाने शिकवलेलं हाडात असेल तर टेबल कोण उघडतो? पुढची कित्येक वर्षं बायको मला त्यावरून चिडवत होती.

आता त्या दिवसाकडे येतो. जून महिना, बुधवार. सकाळी अकराच्या आधी ठाण्यात फोन आला. गावात शिडाच्या बोटींचा एक छोटा क्लब होता. तिथल्या एका सभासदाने कळवलं की धक्क्यावरची एक बोट गायब आहे. बोट एका वयस्कर इंग्लिश गृहस्थांची. ते घरातून फारसे बाहेर पडत नाहीत, त्यांची स्मृती गेलेली आहे. मुलगा कॅल्गरीला असतो, त्याने बोट विकायला काढली आहे आणि शनिवारी गिऱ्हाईक न्यायला येणार. पुढे तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांची केअरगिव्हर, ती इंडियन बाई, दर बुधवारी पिशव्या घेऊन बोटीवर येते. आज सकाळपासून धक्क्यावर एकटीच उभी आहे. काहीतरी गडबड आहे."

आमच्या धंद्यात असे फोन येतात. निम्मे खरे, निम्मे नुसती जळजळ. पण त्यानंतर दहाच मिनिटांनी त्या मुलाचाही फोन आला. क्लबने त्याला कळवलं होतं. तो म्हणाला, "मी नऊ वाजता तिला फोन केला होता. ती म्हणाली, डॅड झोपलेत, सगळं ठीक आहे. ती धक्क्यावर होती तर घरात डॅड झोपलेत हे तिला कसं कळलं?" प्रश्न बरोबर होता. मी एका कॉन्स्टेबलला म्हाताऱ्यांच्या घरी पाठवलं आणि बाईंना ठाण्यात आणलं.

तिशीतली बाई. हातात कापडी पिशवी, पिशवीत थर्मास आणि फॉइलमध्ये बांधलेली सँडविचेस. इंटरव्ह्यू रूममध्ये बसवलं, कॅमेरा सुरू केला, वकिलाला फोन करण्याचा हक्क समजावून सांगितला. तिने मान हलवली. वकील नको म्हणाली.

बोट कुठे आहे? आय डोन्ट नो, सर. मिस्टर अमुक कुठे आहेत? मुलाशी खोटं का बोललात? ती पिशवीचे बंद सारखे करत राहिली. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खोटं बोलणारा माणूस दाराकडे बघतो, नाहीतर टेबलाकडे. ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. साडेअकरा, पावणेबारा, बाराला पाच कमी. बस चुकेल अशी घाई नव्हती, बस येणारच आहे अशी खात्री होती.

घड्याळात बारा वाजले आणि तिचे खांदे सैल पडले. माझ्याकडे बघून ती पहिल्यांदाच आपण होऊन बोलली आणि मराठीत बोलली. छातीवरच्या बिल्ल्यावरचं माझं आडनाव वाचून तिने ओळखलं असणार, ते आमच्या भागाबाहेर फारसं सापडत नाही.

"साहेब, आता पाणी भरलं असेल ना? कॅप्टन येतीलच."

मला धक्का बसला. नियमाप्रमाणे मी तिला इंग्रजीतच बोला म्हणायला हवं होतं, कारण मराठी रेकॉर्डिंग म्हणजे भाषांतरकार, त्याचं बिल, त्याचा रिपोर्ट आणि दोन आठवड्यांची कटकट. गेलं खड्ड्यात, म्हटलं.

"कुठलं पाणी, बाई?"

"भरतीचं. आज पौर्णिमा आहे ना. बाराला पाणी भरणार."

"गाव कुठलं तुमचं?"

"वसई," ती म्हणाली.

"बाय," मी म्हटलं, "हा दर्या वसईचा नाही. आता ओहोटी आहे. वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी. तू उठ आणि खिडकीतून बघ."

मी तिला बाहेर खिडकीपाशी नेलं. खाडीत पाण्याची एक बारीक ओळ उरली होती, बाकी सगळा चिखल उन्हात चमकत होता. तिने पिशवी छातीशी घट्ट धरली. "सकाळपासून पाणी उतरताना दिसत होतं, अंकल," ती म्हणाली, "पण मला वाटलं, वळेल आता. कॅप्टन पण बाराच म्हणाले ना. आम्हा दोघांचं सेमच होतं." आणि ती ढसाढसा रडायला लागली.

त्याच वेळी घरी गेलेल्या कॉन्स्टेबलचा निरोप आला. घर रिकामं, म्हाताऱ्यांचा मोबाइल किचनच्या टेबलावर. म्हणजे आता ही बोटीच्या चोरीची केस उरली नव्हती. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस सकाळपासून पाण्यावर एकटा होता.

तिने रडत रडत जे सांगितलं ते असं. तिचे कॅप्टन, म्हणजे ते म्हातारे, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे. तिकडे म्हणे एकामागून एक चिखलाच्या नद्या समुद्राला मिळतात आणि त्या नद्यांच्या मुखाशी शिडाच्या बोटींच्या शर्यती चालतात. शर्यतीची वेळ कोणी माणूस ठरवत नाही, भरती ठरवते. बोटींच्या पोटाखाली दोन पाय असतात, म्हणजे पाणी गेलं तरी बोट चिखलात सरळ उभी राहते. तशीच बोट त्यांनी इथे स्वतःच्या हाताने बांधली होती. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, त्यानंतर आजचं त्यांच्या आज लक्षात राहायचं नाही, पण तिकडच्या आपल्या नदीचं एकेक वळण तोंडपाठ होतं. आणि तिथेही पौर्णिमेची मोठी भरती दुपारी बाराच्या आसपासच! हिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आमच्याकडेही बाराच. त्या दिवसापासून त्यांची गट्टी जमली. मुलाने बोटीवर जायला बंदी केली होती, किल्लीही लपवली होती. हिने ती शोधली. दर बुधवारी त्यांना बोटीवर न्यायची, चहा पाजायची, दोन तास गप्पा ऐकायच्या आणि घरी आणायचं.

"शनिवारी बोट जाणार म्हणून आज सकाळी सातच्या आधीच नेलं. मी क्लबमध्ये थर्मास भरायला गेले. परत येते तर बोट सुटलेली. मला हात करून म्हणाले, पाणी चढतंय, खाडीत आत जाऊन येतो, बाराला लंच लाव. किती खूष होते, अंकल! दोन वर्षांत त्यांना असं बघितलं नव्हतं. मला वाटलं, येऊ देत एकदा जाऊन. मुलाला सांगितलं तर माझी नोकरी जाईल. माझी पीआरची, इथे कायम राहायच्या परवान्याची, फाइल अजून सरकारात अडकली आहे. पण नोकरीसाठी नाही थांबले मी. शपथ. मला खरंच वाटलं बाराला येतील."

आणि मला तिचं पटलं. त्या अख्ख्या प्रांतात तिचं ते म्हणणं पटणारा पोलीस बहुधा मी एकटाच असेन.

मी बचाव पथकाला फोन लावला. त्यांचा प्रमुख अनुभवी माणूस, पण हट्टी. तो म्हणाला, "सात वाजता निघाला म्हणजे उतरत्या पाण्याबरोबर बाहेर समुद्रात गेला. मी बोटी बाहेर पाठवतो."

"पाठवा," मी म्हटलं, "पण हॉवरक्राफ्ट मला आत द्या."

"आत? आत तर चिखल आहे, सार्जंट."

"त्याच्या हिशेबाने सात वाजता पाणी चढत होतं. चढत्या पाण्याबरोबर माणूस बाहेर जात नाही, आत जातो. तो तुमच्या टेबलवर चालत नाहीये. तो त्याच्या गावच्या टेबलवर चालतोय."

तो म्हणाला, "हे तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "कारण मीही एकदा चाललो होतो."

निघताना ती माझ्या मागे धावत आली. "अंकल, बोटीत बसून असले तर ते सुरक्षित आहेत ना?"

"हो. बोट दोन पायांवर उभी राहील. पाणी आलं की तरंगेल."

"पण ते बसून राहणार नाहीत." मग तिने घाईघाईत एक गोष्ट सांगितली. त्यांच्या नदीवर बोट चुकून चिखलात रुतली तर मोठी नाचक्की. म्हणून जाणता माणूस ब्रश आणि बादली घेऊन खाली उतरतो आणि बोटीचा तळ घासायला लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, हा तळ घासण्यासाठी मुद्दाम थांबलाय! तरुणपणी एका शर्यतीत पहिले असताना ते असेच रुतले आणि घासत बसले. मागून एका मुलीची बोट आली. ती हसून ओरडली, "दुसरी बाजूही घास!" आणि शर्यत जिंकून गेली. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. ही गोष्ट ते दर बुधवारी सांगायचे.

हे ऐकून मी अक्षरशः पळालो. आमच्याकडचा तो चिखल वरून घट्ट दिसतो आणि आत पाय ओढून घेतो. माणूस गुडघ्यापर्यंत रुतला तर स्वतःहून निघत नाही. आणि ओहोटी संपून पाणी वळलं होतं. त्या सपाट मैदानावर ते चढतं तेव्हा माणसाच्या चालीने येतं.

चिखलावरूनही हवेच्या उशीवर पळणाऱ्या त्या हॉवरक्राफ्टमधून पाऊण तास आम्ही खाडीचे फाटे पालथे घालत होतो. एका बेटाच्या मागे, गवतापलीकडे, डोलकाठीचं टोक दिसलं. बोट चिखलात दिमाखात सरळ उभी होती आणि तिच्या बाजूला म्हातारे, गुडघ्याच्या वरपर्यंत रुतलेले, एका हाताने बोटीला धरून दुसऱ्या हातात ब्रश. ओठ निळे पडले होते. पाणी त्यांच्यापासून फार तर वीस पावलांवर आलं होतं.

मी गुडघ्यांवर सरपटत त्यांच्यापर्यंत गेलो. त्यांनी माझ्या युनिफॉर्मकडे बघितलं आणि ताठ होऊन म्हणाले, "रुतलो नाहीये, ऑफिसर. तळ घासतोय."

"दिसतंय, सर," मी म्हटलं. "छान घासलाय."

"एकच बाजू झाली," ते म्हणाले. थंडीने त्यांचे दात वाजत होते. "ती अजून इथून गेली नाही. दुसरी बाजू राहिली तर हसेल."

इतकी वर्षं नोकरी केली, अपघात बघितले, मढी बघितली, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पथकाच्या पोरांनी त्यांना चिखलातून काढायला वीस मिनिटं घेतली. शेवटी पाणी आमच्या कमरेला लागलं होतं. बुटांचा एक जोड चिखलातच राहिला. बोट मात्र आपली आपण तरंगली.

संध्याकाळी मुलगा विमानाने आला. हॉस्पिटलमधून तडक ठाण्यात. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता, आणि घाबरलेली माणसं आधी कोणीतरी दोषी शोधतात. तिच्यावर केस करा, म्हणाला. मी त्याला बसवलं, कॉफी दिली आणि रेकॉर्डिंगमधलं तिचं बोलणं त्याला वाक्यावाक्याने इंग्रजी करून ऐकवलं. नियमात बसतं का? नसेल बसत. दुसरी बाजू घासायच्या गोष्टीपाशी आलो तेव्हा त्याने हात वर करून मला थांबवलं.

"मॉमने कधी सांगितलं नाही हे," तो म्हणाला. "आणि डॅड मला सांगायला लागले की मी म्हणायचो, डॅड, नॉट अगेन." मग त्याने कप बाजूला सरकवला. तक्रार काही त्याने लिहून दिली नाही.

शुक्रवारी माझी सुट्टी होती. डॉक्टरांनी म्हाताऱ्यांना घरी सोडलं होतं. मुलाचा फोन आला, की क्लबच्या शेजारी घट्ट वाळूचा पट्टा आहे, तिथे बोट उभी केली आहे, येता का? मी बायकोला घेऊन गेलो. म्हातारे ब्लँकेट पांघरून खुर्चीत बसले होते. शेजारी आमची वसईची बाय थर्मासमधला चहा ओतत होती. आणि तो कॅल्गरीचा साहेब, उसने गमबूट घालून, बोटीची राहिलेली बाजू घासत होता. जमत काही नव्हतं. म्हातारे खुर्चीतून झापत होते, "वरून खाली! वरून खाली, गाढवा!" आणि तो "येस, डॅड" म्हणत होता.

मी जवळ गेलो. त्यांनी मला ओळखलं नाही. पण समोरचा चिखल बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "पाणी कधी भरणार?"

अकरा वाजत आले होते. पाणी अजून उतरतच होतं. दीडला ओहोटीचा तळ आणि भरती रात्री नऊच्या पुढे. नोकरीभर मी लोकांकडून खरं काढून घेतलं होतं. मी बोटांवर मोजलं. बुधवारी पौर्णिमा, बारा. गुरुवारी पाऊण. शुक्रवारी दीड.

"दीडला, सर," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा खुलला. "मग घाई करायला हवी," ते मुलाला ओरडले. "दीडला पाणी येतंय!"

मुलाने खिशातून फोन काढला. त्याच्या फोनवर टाइड टेबल होतं, मला दिसत होतं. त्याने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन परत खिशात टाकला. "हो, डॅड. घाई करतो," म्हणाला, आणि खरोखरच जोरात घासायला लागला. आमची बाय तोंड फिरवून डोळे पुसत होती. माझ्या बायकोने या वेळी मला चिडवलं नाही.

शनिवारी बोट गेली, दोन्ही बाजू स्वच्छ. बाईची नोकरी टिकली. म्हातारे पुढे दीड वर्ष जगले, आणि शेवटपर्यंत ती त्यांच्याजवळ होती. पीआरचं कार्ड आलं तेव्हा तिने मला त्याचा फोटो पाठवला.

त्या केसने मला काय शिकवलं? हरवलेला माणूस कुठे गेला हे विचारण्याआधी तो कुठल्या घड्याळाने निघाला ते विचारावं. आपण सगळे इथे बाहेरून आलेलो, कोणी वसईहून, कोणी विलायतेहून. मनगटावर इथलं घड्याळ बांधतो, टॅक्स भरतो, विंटर टायर्स लावतो. पण आत कुठेतरी गावचं पाणी गावच्याच वेळेला चढत असतं. त्यावर हसू नये. मी तर रिपोर्टमध्येही तिच्या थांबण्याचं कारण लिहिलं: 'केअरगिव्हरची वेळ पाहण्यात चूक.' त्यापलीकडे इंग्रजीत मला ते मांडता आलं नाही.

त्या शुक्रवारी निघताना म्हाताऱ्यांनी माझा हात धरून ठेवला होता. "तुला पाणी कळतं," ते म्हणाले. "तू कुठल्या नदीवरचा?"

"वसईच्या खाडीवरचा."

त्यांनी जरा आठवून बघितलं. "वसई," ते म्हणाले. "म्हणजे आमच्या नदीच्या पुढची."

"हो, सर," मी म्हटलं. "लगेच पुढची."